कॅथेड्रल म्हणजे ‘मोठं चर्च’ नव्हे

प्रश्न असा आलाय की कॅथेड्रलला मराठीत ‘महाचर्च’ म्हटलं तर चालेल का, आणि तिथल्या ऑर्गनिस्टला काय म्हणायचं. महाचर्च अजिबात चालणार नाही. प्रवासाचे व्हिडिओ बघून कान किटलेत, चर्च जरा उंच दिसलं की लगेच कॅथेड्रल! लंडनचं वेस्टमिन्स्टर ॲबी एवढं अवाढव्य, राज्याभिषेक तिथे होतात, पण ते कॅथेड्रल नाही. 1540 ते 1556 एवढीच काही वर्षं होतं.

जिथे बिशपची, म्हणजे एका विभागातल्या सगळ्या चर्चांवरच्या मुख्य धर्मगुरूची खुर्ची ते कॅथेड्रल, बास. ग्रीक ‘कथेद्रा’ म्हणजे खुर्ची, कता म्हणजे खाली, हेद्रा म्हणजे बैठक. आता गंमत बघा, ग्रीकमध्ये सुरुवातीच्या स चा ह होतो, सप्तचं हेप्ता (फारसीतही तेच, तिथूनच आपला हप्ता), तर हेद्रातला हेद् म्हणजे चक्क आपला सद्! सदन, संसद, परिषद, उपनिषद, सगळी एकाच घरातली भावंडं. माझ्या मते आसंदी (खुर्ची)सुद्धा. इंग्लिश ‘चेअर’ही फ्रेंचमधून फिरून ह्या कथेद्रातूनच आलाय.

इंग्लंडमधलं ग्लॉस्टर घ्या. 1327 मध्ये मारल्या गेलेल्या दुसऱ्या एडवर्ड राजाची कबर तिथे आहे, वास्तू तेव्हाही मोठीच, पण तो मठ होता. आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि 1541 मध्ये तिथे बिशप बसवला, झालं कॅथेड्रल, त्यासाठी भिंती वाढवाव्या लागल्या नाहीत. आपल्या मुंबईच्या फोर्टातल्या सेंट थॉमसचंही तसंच, चर्च 1718 चं, कॅथेड्रल झालं 1837 मध्ये. सॅम्युअल सेबास्टियन वेस्ली हा ऑर्गनिस्ट हेरफर्ड, एक्झिटर, विंचेस्टर आणि 1865 पासून ग्लॉस्टर अशा चार कॅथेड्रलांत वाजवत होता, पण मधली काही वर्षं तो लीड्सला होता, ते नुसतं पॅरिश चर्च, म्हणजे एका वस्तीपुरतं. चर्च मोठं, संगीत उत्तम, पण बिशपची खुर्ची नाही, म्हणून चारच मोजायची, पाच नाही.

आणि खुर्ची तिथल्या ऑर्गनमध्येही आहे! ग्लॉस्टरला थॉमस हॅरिसने 1666 मध्ये ऑर्गन उभारला, त्याचे दर्शनी पाइप अजून वाजतात. पाइपांच्या त्या मोठ्या पेटाऱ्यापुढे एक छोटा पेटारा आहे. वादक मोठ्या पेटाऱ्याकडे तोंड करून मधे बसायचा आणि छोटा त्याच्या पाठीशी, खुर्चीमागे, म्हणून तो ‘चेअर ऑर्गन’. पुढे लोकांना ‘चेअर’चा अर्थ कळेना, गायकवृंद (कॉयर) तर शेजारीच, मग झालं ‘कॉयर ऑर्गन’. काही जण उलटं सांगतात, की आधी कॉयर होतं आणि बिघडून चेअर झालं. मला हे साफ चुकीचं वाटतं. इंग्लंडमधल्याच वूस्टर कॅथेड्रलच्या 1613 च्या ऑर्गनच्या कागदांत स्पष्ट ‘चेअर’ लिहिलंय! आणि अपरिचित शब्द बिघडून ओळखीचा होतो, ओळखीचा बिघडून कोड्यात टाकणारा कशाला होईल?

तर कॅथेड्रलला मी ‘बिशपपीठ’ म्हणेन. पीठ म्हणजे बसायची जागाच, धर्मपीठ, विद्यापीठ, खंडपीठ आपण रोज म्हणतोच. ‘मुख्य चर्च’ लिहून मोकळे होणाऱ्या कोशांनी ती खुर्चीच हरवली.

ऑर्गनिस्टला ऑर्गनवादक चालेल. फक्त आपल्या संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यांपुढे आणू नका, त्यात पेटीसारख्या धातूच्या पत्त्या (रीड) वाजतात, इथे पाइप.