पीस लिलीची कुंडी मुळांनी गच्च भरलीय, रोप वेगळं करून लावता येईल का?

हो, बिनधास्त करा, फक्त फुलं भरात असताना नको. आदल्या दिवशी पाणी द्या, मग कुंडी आडवी करून थापट्या मारा म्हणजे अख्खा गोळा सुटून येतो, पानं धरून ओढू नका. मुळांचा गुंता बघून कुठून सुरू करावं कळत नाही पण बुडाशी नीट बघितलं की वेगवेगळे फुटवे दिसतात, ते बोटांनी सोडवा, नाहीच सुटले तर स्वच्छ सुरीने कापा, प्रत्येकाला स्वतःची मुळं आणि तीनचार पानं हवीत. काळी, मऊ मुळं काढून टाका. नवी कुंडी मुळांपेक्षा जेमतेम 2-3 सेंमी मोठी (जास्त मोठीत ओल साचून मुळं कुजतात). नंतर पानं माना टाकतील, घाबरून रोज पाणी ओतू नका. खत महिनाभर नकोच.