इतिहासाच्या अभ्यासात भूप्रदेशाला इतकं महत्त्व का देतात?

कारण जमीन स्वतःच एक दस्तऐवज आहे, आणि ज्यांनी काही लिहून ठेवलं नाही त्यांच्या बाबतीत तर बऱ्याचदा तोच एकमेव.

फर्नांड ब्रॉडेल या फ्रेंच इतिहासकाराने 1949 मध्ये भूमध्य समुद्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुरुवात राजापासून नाही, तर डोंगर, मैदानं, किनारे आणि हवामानापासून होते. युद्धं आणि तह शेवटच्या भागात येतात. काळाचे त्याने तीन थर मानले. सर्वांत संथ थर भूगोलाचा. इथे मला एक धोका दिसतो: माणूस भूगोलाचा कैदी वाटू लागतो. खिंड वाट देते, पण त्या वाटेने कधी आणि कशासाठी जायचं हे माणसंच ठरवतात.

मला स्वतःला जास्त भुरळ पडते ती शेतातल्या खुणांची. गाडलेल्या जुन्या खंदकावर माती खोल आणि ओलसर राहते, म्हणून तिथलं पीक उंच, हिरवं दिसतं. पुरलेल्या भिंतीवरचं पीक मात्र खुरटतं, लवकर पिवळं पडतं. उन्हाळा कोरडा गेला की विमानातून जुन्या वस्तीचा आराखडाच उमटलेला दिसतो! जंगलात हेच काम लायडार करतं, म्हणजे विमानातून लेझर किरण सोडून झाडांखालच्या जमिनीचे चढउतार मोजणारं तंत्र. ग्वाटेमालात लेझरने केलेल्या अशा सर्वेक्षणातून 2018 मध्ये माया संस्कृतीच्या 60 हजारांहून अधिक वास्तू समोर आल्या. घरं, रस्ते, कालवे, तटबंद्या. तिथली लोकसंख्या किती असावी, याचे जुने अंदाज त्यामुळे बरेच वर सरकले.