घाबरेपणासाठी पहिल्यांदा डॉक्टरांकडे जाताना

जायचं ठरवलंत, अर्धं काम झालं. आता सुरुवातीपुरतं एवढंच बघा.

औषध मानसोपचारतज्ज्ञ देतात (एमडी, डीएनबी किंवा डीपीएम). बोलून उपचार क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणी बिनधास्त विचारा. झोप उडाली असेल, कामावर जाणं जमत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. खासगी फी परवडत नसेल तर नाशकात त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. सकाळीच जाऊन केसपेपर काढा. घराबाहेर पडणंच अवघड वाटत असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६: चोवीस तास, मोफत, मराठीतही. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, लगेच फोन करा.

जाताना अर्धं पान लिहून न्या: त्रास कधीपासून, किती वेळा, धडधड की पोटात गोळा, झोप किती, चहा-तंबाखू-दारू किती (खरं सांगा), चालू गोळ्या. थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर न्या, थायरॉइड वाढल्यानेही अशीच धडधड होते.

नेहमीच्या चुका:
- शेजारी घेतो ती अल्प्राझोलाम (घाबरेपणा लगेच शमवणारी गोळी) मेडिकलमधून आणणं. सवय लागते.
- आठवड्यात फरक नाही म्हणून गोळी सोडणं. रोजच्या गोळ्यांना साधारण २ ते ६ आठवडे लागतात. मळमळ सुरुवातीला होते, बहुधा ओसरते.
- बरं वाटलं की एकदम बंद करणं. डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

पहिल्या भेटीत सूर जुळला नाही तर दुसरे डॉक्टर बघा, पण चिठ्ठी जपून ठेवा.