रूपांतरित खडक ओळखताना

नव्याने अभ्यास सुरू करणाऱ्यांनी रूपांतरित खडकांची नावे पाठ करण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करावी, ती म्हणजे हे खडक वितळून तयार होत नाहीत; उष्णता, दाब आणि खनिजांमधून फिरणारे द्रव यांमुळे घन अवस्थेतच त्यांची खनिजे आणि पोत बदलतात. वितळणे सुरू झाले की आपण अग्निज खडकांच्या हद्दीत शिरतो.

हातातील नमुन्यात प्रथम पापुद्रे किंवा पट्टे दिसतात का, ते पाहावे. एका दिशेने पडणाऱ्या दाबामुळे अभ्रकासारखी चपटी खनिजे त्या दाबाला काटकोनात रांगेने बसतात, आणि म्हणूनच शेल या चिखलाच्या गाळापासून बनलेल्या खडकापासून वाढत्या तापमान-दाबानुसार क्रमाने स्लेट, फिलाईट, शिस्ट आणि नाईस हे खडक मिळतात. पट्टे नसलेल्या संगमरवर आणि क्वार्टझाईट (वालुकाश्मापासून बनलेला कठीण खडक) यांच्यात मात्र नवशिक्यांची हमखास गल्लत होते; संगमरवरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यास फेस येतो आणि चाकूने ओरखडाही उमटतो, क्वार्टझाईटवर यांपैकी काहीच होत नाही.

केवळ पोतावर विसंबू नये, खनिजेही पाहावीत, असे माझे मत आहे. भूवैज्ञानिक जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात विशिष्ट खनिजांवरून रूपांतरणाचे विभाग आखले होते. क्लोराइट हे खनिज कमी तापमान सुचवते, तर गार्नेट, कायनाइट आणि सिलिमनाइट क्रमाने वाढते तापमान दाखवतात. भिंग सोबत असू द्यावे.