बॉण्डच्या मागची तारीख बघा, भाऊ

*ताई, नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातला शेतकरी, वय ४१. वडील जाऊन दोन वर्षं झाली. आईच्या गळ्यात कवड्यांची माळ आहे, घरात परडी आहे. मंगळवारी आणि पौर्णिमेला तिच्या अंगात वारं येतं. मागच्या पौर्णिमेला वाऱ्यात देवीनं माझं नाव घेऊन सांगितलं, की रान तुकड्यात जाऊ देऊ नको, आक्काकडून हक्कसोड करून घे. तिनं माहेरचा तुकडा धरून ठेवला तर तिच्या लेकराला सुख लागणार नाही. आक्का माझी थोरली बहीण. नवऱ्याशी पटलं नाही मनून पोराला घेऊन परभणीला राहते, शिवणकाम करते. लै भित्री आहे. देवीचं मनून सांगितलं तर लगेच सही करील. खर्चाचंही काही नाही, बॉण्ड मी आदल्या आठवड्यातच आणून ठेवला होता. पण बायको मनते, बहिणीच्या ताटातलं ओढून घेणं पाप आहे. मला झोप लागेना. आज्ञा मोडली तर देवीचा कोप, पाळली तर आक्काचा तळतळाट. एखादी गोष्ट माणसानं सांगितली तर पाप आणि तीच देवीनं सांगितली तर पुण्य, असं असतं का?*
*– एक भाऊ*

भाऊ, तुमचं पत्र वाचत आले आणि बॉण्डपाशी थांबले. आज्ञा झाली पौर्णिमेला. बॉण्ड आला त्याच्या आदल्या आठवड्यात.

ते वाक्य तुम्ही खर्चाच्या हिशेबात लिहून टाकलंत. मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढंच वाक्य खरं वाटलं. देवीनं तोंड उघडायच्या आधी तुम्ही तहसीलच्या आवारात जाऊन आला होता. मुद्रांक विक्रेत्यानं विचारलं असेल, कशासाठी पाहिजे? तुम्ही सांगितलं असेल, हक्कसोडपत्रासाठी. त्यानं तुमचं नाव रजिस्टरात लिहिलं, तुमची सही घेतली, बॉण्डवर शिक्का मारला, तारीख टाकली. काढा तो बॉण्ड, उलटा करा आणि ती तारीख वाचा. मग मला सांगा, या घरात आज्ञा कुणी कुणाला दिली?

आणि ठेवला कुठं होता हो? पेटीत की देव्हाऱ्याच्या फळीवर? आईला दिसला असणारच. गावाकडून एखाद्या रस्त्याची मोजणी झालीय का? दोन वर्षं वारसाच्या नोंदीचं तुम्ही नाव काढलं नाही आणि रान तुकड्यात जायची काळजी एकाएकी आत्ताच लागली, म्हणून विचारते. मावेजाच्या गोष्टी रात्री जेवताना आईसमोरच होत असतील. ‘आक्काचं काहीतरी केलं पाहिजे’ हेही तुम्ही तिच्यासमोरच पुटपुटला असाल.

आई नाटक करते असं मी म्हणत नाही. ज्या बाईला घराच्या व्यवहारात एरवी कुणी विचारत नाही, तिच्यापुढं वारं आल्यावर अख्खं घर हात जोडून बसतं. महिनाभर लेकाच्या तोंडून ऐकलेलं पौर्णिमेला तिच्या तोंडून देवीच्या आवाजात बाहेर पडलं, यात मला नवल वाटत नाही. पण तिची दयाही आली नाही. लेकीच्या लेकराचं नाव घेऊन लेकीला भीती घालणं कुठल्याही माळेखाली झाकत नाही. २०१३ चा आपला जादूटोणाविरोधी कायदा नेमकं हेच सांगतो: अंगात शक्ती संचारल्याचं भासवून भीती घालणं, ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आईला पोलिसांत द्या असं मी म्हणत नाहीये. पण आक्कापर्यंत तो निरोप घेऊन जाणार होतात तुम्ही, हे लक्षात असू द्या.

बाकी, तुमचा प्रश्न जुना आहे आणि चांगला आहे, फक्त विचारणाऱ्याच्या खिशात बॉण्ड आहे. श्रियाळ राजाच्या दारात महादेव गोसाव्याच्या रूपात आले आणि त्यांनी त्याच्या पोराचंच मांस मागितलं. चांगुणेनं चिलया बाळाला उखळात कांडलं. ही कथा ऐकताना आपल्याकडच्या म्हाताऱ्या अजून डोळ्याला पदर लावतात. बकरी ईदेच्या मागची गोष्ट तुमच्या गावातल्या मुसलमान शेजाऱ्याला विचारा. तो इब्राहिम पैगंबरांचं सांगेल: देवाच्या हुकमावरून पोराला कापायला निघालेला बाप, आणि ऐन वेळी पोराच्या जागी आलेला पशू. मला या गोष्टी पचत नाहीत, कधीच पचल्या नाहीत. दारात आलेल्यानं पोर मागितलं तर तो महादेव असला तरी त्याला दारातूनच वाटेला लावावं, असं माझं मत आहे. कुणाला ते पाखंड वाटलं तर वाटो.

पण या कथांमध्ये एक इमान आहे. ज्याच्याकडं मागितलं, जायचं होतं त्याचंच. श्रियाळानं शेजाऱ्याचं पोर धरून आणलं नाही. इब्राहिमनं भावकीतला मुलगा डोंगरावर नेला नाही. तुमच्या देवीनं मात्र मागितलं तुमच्याकडं, द्यायचं आक्कानं, आणि शेवटी राहणार तुमच्याच सातबाऱ्यावर. अशी आज्ञा मला कुठल्या पोथीत सापडली नाही. तलाठ्याच्या कार्यालयाबाहेर बऱ्याचदा ऐकलीय.

आणि ज्याला खरोखर भयंकर आज्ञा झाली, ज्यानं ती पाळलीही, त्याचं काय झालं ते बघायचं तर माहूरला चला. तुमची परडी तुळजापूरची असेल, पण साडेतीन पीठांमधली ही दोन्ही आपल्याच मराठवाड्यात आहेत, आणि माहूरची कथा तुमच्या आईला तोंडपाठ असणार. जमदग्नीनं पोरांना सांगितलं, आईला मारा. थोरल्या चौघांनी ऐकलं नाही, बापाचा शाप घेतला. पाचव्यानं, परशुरामानं, कुऱ्हाड चालवली. आज्ञा पाळावी कशी हे सांगायला लोक त्याचं नाव घेतात आणि गोष्ट तिथंच संपवतात. गोष्ट पुढं आहे. बाप खूश झाला, माग म्हणाला. महाभारतात परशुराम काय काय मागतो? आई जिवंत होऊ दे. तिला हे मारणं आठवू नये. मला या पापाचा स्पर्श होऊ नये. भाऊ पुन्हा शुद्धीवर येऊ देत.

पापाचा स्पर्श होऊ नये, हे त्याला वेगळं मागावं लागलं, भाऊ. आज्ञा देणारा ऋषी होता, वर जन्मदाता बाप होता. तरीही ज्याच्या हातात कुऱ्हाड होती त्याला पुरतं ठाऊक होतं, की हे पाप आहे आणि आज्ञेनं ते धुतलं जात नाही. ज्या बापानं आज्ञा दिली त्याच्याच वरानं त्याला ती उलटवून घ्यावी लागली. तुमच्या आज्ञेच्या मागं असला कुठला वर आहे? आक्कानं सही केल्यावर तिला तिचं रान परत आणून देणारं कोण आहे?

आणि आज माहूरगडाच्या पायऱ्या लोक खण-नारळ घेऊन कुणासाठी चढतात? जिची मान उडवली तिच्यासाठी. तिथं देवी म्हणजे नुसतं मुख आहे. ज्यांच्यापुढं तुमच्या आईसारख्या बाया माळ घालून नाचतात, त्यातली एक अशाच एका आज्ञेखाली मेलेली बाई आहे. तिच्या नावानं तुम्ही दुसऱ्या बाईवर हत्यार उचलायला निघालात.

तेव्हा उत्तर सरळ आहे. नाही, असं नसतं. वाऱ्यात जर उद्या निघालं, की बायकोला विहिरीत ढकल, तर ढकलाल? नाही ढकलणार. म्हणाल, आईला काहीतरी बाहेरचं झालंय, नाहीतर बीपी वाढलंय, गोळी द्या आणि निजवा. म्हणजे कुठली आज्ञा देवीची आणि कुठली बीपीची, हे ठरवणारे तुम्हीच. चांगलं-वाईट तुम्हाला आधीपासून कळतं, त्या कळण्यावरच तुम्ही वाऱ्याला पारखून घेता. बायकोच्या वेळी नीट पारखाल. आक्काच्या वेळी पारखलं नाही, कारण त्यात रान होतं.

अजून शंका असेल तर तुळजापूरला जा. देवळात चिंतामणी आहेच. लोक त्या गोल दगडावर हात ठेवून मनात प्रश्न धरतात. उजवीकडं फिरला तर होकार, डावीकडं फिरला तर नकार, हललाच नाही तर काम लांबणीवर. तुम्हीही धरा, फक्त प्रश्न पुरा धरा: ‘आक्काला तिच्या पोराची भीती घालून तिचा हिस्सा माझ्या नावावर करू का?’ दगड कुठंही फिरू दे. एवढं वाक्य मनातल्या मनात तरी शेवटपर्यंत म्हणता येतं का ते बघा.

कायद्याचं दोन ओळींत सांगते, कारण त्यात घोळ नाही. वडिलोपार्जित रानात लेकीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनंतर लेकाइतकाच, जन्मापासूनचा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केलाय. भीती घालून घेतलेली हक्कसोड नोंदणीकृत असली तरी आक्का कोर्टात जाऊन ती रद्द करायला लावू शकते. तिला हे कुणी सांगितलेलं नाही आणि ती भित्री आहे, याच दोन गोष्टींवर तुमचा सगळा डाव उभा आहे. ‘लै भित्री आहे’ हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंत, की वाचताना माझ्या हातातला चहा गार झाला.

तुमच्या बायकोला यातलं काही विचारायला मला पत्र लिहावं लागलं नाही, हेही बघा जरा.

आता करायचं काय? एकच. बॉण्ड घ्या, परभणीची गाडी पकडा, आक्काच्या घरी जा आणि तो तिच्या हातात द्या. मागची तारीख तुम्ही स्वतः वाचून दाखवा. मग वाऱ्यात काय निघालं ते सांगा, तिच्या लेकराबद्दलचं वाक्यही गाळू नका. आधी तारीख, मग वारं, हा क्रम चुकवू नका, कारण उलट सांगितलंत तर ती घाबरून पेन शोधायला लागेल. मग तिला गाडीत बसवून गावी आणा आणि वडिलांच्या मृत्यूचा दाखला घेऊन दोघं मिळून तलाठ्याकडं वारसाच्या नोंदीचा अर्ज द्या, तिच्या नावासकट. ती चिडेल. वर्षभर बोलणार नाही कदाचित. राखीला येणार नाही. ते ऐकून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही.

कोपाचं विचारलंत. घरी आल्यावर आई कोपेल, हे नक्की. तिला सांगा, मी बॉण्ड आधी आणला होता, चूक माझी आहे, लेकराचं नाव पुन्हा घ्यायचं नाही.

आणि हे पौर्णिमेच्या आत करा. बॉण्ड सहा महिने चालतो, पण पुढच्या वाऱ्यात काय निघणार ते मी इथं बसून सांगू शकते.