सही अण्णांची नाही, हे पालकसभेआधी सांग

"ताई, मी नववीत आहे. आठवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेला, माझा नंबर लागला म्हणून सगळे म्हणाले, पोरगं हुशार आहे, तालुक्याच्या हायस्कूलला सेमीला घाला. तिथे गणित-विज्ञान इंग्रजीतून असतं. सहामाहीत बीजगणितात 40 पैकी 9 आणि भूमितीत 11 मार्क पडले. प्रगतीपुस्तकावर अण्णांची सही मीच केली. घरी सांगितलं की निकाल अजून मिळाला नाही. अण्णा द्राक्षबागेच्या टेन्शनमध्ये आहेत. आता शनिवारी पालकसभा आहे आणि सरांनी वडिलांना घेऊन यायला सांगितलंय. मला रात्री झोप येत नाही. शाळा सोडून बागेत कामाला जावं असं वाटतं. माझी शिष्यवृत्ती बंद होईल का?"
– एक विद्यार्थी, सांगली जिल्हा

बाळा,

आधी सहीचं बघू. गणित चार दिवस थांबेल, शनिवार थांबणार नाही.

मी बरीच वर्षं वर्गशिक्षिका होते. खोट्या सह्या इतक्या पाहिल्यात की त्यावर पुस्तक काढता येईल. एका पठ्ठ्याने वडिलांची सही इतकी सुबक गिरवली होती, की पुढे वडील स्वतः येऊन सही करून गेले तेव्हा मला तीच खोटी वाटली! सांगायचं काय, तुझ्या सरांना बहुधा आधीच शंका आली असेल. 'वडिलांना घेऊन ये' हे मास्तर लोक उगीच म्हणत नाहीत.

तर शनिवारी वर्गात, चार पालकांसमोर अण्णांना हे कळण्यापेक्षा घरात तुझ्या तोंडून कळू दे. मार्कांचा राग उतरतो. चारचौघांत मान खाली गेली, तर बाप माणूस ते लवकर विसरत नाही. आणि वेळ साधून सांग. ऑक्टोबर छाटणीनंतरचे हे दिवस द्राक्षवाल्यांचे कसे असतात ते तुला मी काय सांगू? आभाळ आलं की दावण्या रोगाची भीती, फवारणी, वर सोसायटीचं कर्ज. फवारणीचा ब्लोअर लावून आल्या आल्या सांगू नकोस. आधी दुपारी आईला सांग. मग रात्री जेवणं झाल्यावर, आई शेजारी असताना, प्रगतीपुस्तक अण्णांच्या हातात दे. "अण्णा, गणितात नापास झालोय. भीती वाटली म्हणून सही मी केली. चुकलं माझं." एवढंच. पेपर अवघड होता, सर नीट शिकवत नाहीत, हे त्या दिवशी बोलायचं नाही. ते ओरडतील. ओरडू देत. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलास की सभेची वाट न बघता सरांनाही हेच सांग, स्टाफरूमच्या बाहेर, एकट्याने.

आता गणिताकडे येऊ. मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 9 मार्कांचं वाटलं नाही, एनएमएमएसचं वाटलं. त्या परीक्षेत बुद्धिमत्तेचे 90 आणि शालेय विषयांचे 90 प्रश्न असतात, त्यांत गणितही असतं. ते तू सोडवलंस, मराठीतून. म्हणजे दिवाळीआधी तुझं डोकं बंद पडलं असं झालेलं नाही. आठवीत 'समांतर रेषा व छेदिका' हा धडा तुला येत होता ना? संगत कोन, व्युत्क्रम कोन ओळखत होतास? नववीच्या भूमितीत दुसरा धडा तोच पुढे जातो. फक्त छेदिकेची ट्रान्सव्हर्सल झाली, संगत कोनांचे कॉरस्पाँडिंग अँगल्स झाले. बहुपदीचं पॉलिनॉमियल, सहगुणकाचं कोएफिशंट. वर्गातली बरीच मुलं हे पाचवीपासून ऐकत आलीत, तू जूनपासून ऐकतोयस. सर फळ्यावर तिसरी पायरी लिहीत असतात तेव्हा तू पहिल्या ओळीचं मनात भाषांतर करत असतोस.

'हुशार आहे, सेमीला घाला' म्हणणाऱ्यांवर माझा थोडा राग आहे, हेही सांगून टाकते. घालायला हरकत नव्हती, पण मे महिन्यात कुणी तुझ्यासोबत बसून हे शे-दीडशे शब्द करून घ्यायला हवे होते. ते राहिलं. आता आपण करू.

बालभारतीचं नववीचं गणित मराठीत आणि इंग्रजीत सारखंच आहे. धडे तेच, क्रम तोच, उदाहरणंही तीच. इंग्रजीतला प्रॅक्टिस सेट 3.2 म्हणजे मराठीतला सरावसंच 3.2. गावातल्या कुणाकडून मराठी माध्यमाची दोन्ही पुस्तकं, भाग 1 आणि भाग 2, मागून आण. नाही मिळाली तर बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. दोन्ही पुस्तकं शेजारी उघडी ठेव. आधी मराठीत समजून घे, मग तेच उदाहरण इंग्रजी पुस्तकातून वहीत सोडव. एका वहीच्या मागच्या पानापासून शब्द लिहीत जा, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. एसटीची वाट बघताना तेवढंच वाचायचं. 'संच' हा पहिला धडा आठवीत नव्हता, तो मात्र सरांकडूनच समजून घे.

सरांकडे जाताना "मला गणित येत नाही" असं म्हणून जाऊ नकोस, त्यावर कुणालाच काही करता येत नाही. म्हण, "सर, मी मराठी माध्यमातून आलोय, मला गणित मराठीत कळतं, शब्दांमुळे अडतं. मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा विचारायला येऊ का?" असं विचारणाऱ्या पोराला नाही म्हणणारे मास्तर मी फार कमी पाहिलेत. आणि जानेवारीपर्यंत करूनही जमलं नाही, तर पूर्ण मराठी तुकडीत जाता येईल का हे अण्णांना घेऊन मुख्याध्यापकांना विचार. दहावीत बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी ते ठरलेलं बरं. त्यात कसलाही कमीपणा नाही.

शिष्यवृत्ती सहामाहीवरून बंद होत नाही. त्यासाठी वार्षिक निकाल बघतात, नववीतून दहावीत पहिल्याच फटक्यात गेलेला असावा लागतो. वर्षाचे 12,000, बारावीपर्यंत. टक्क्यांची अट काय आहे तेही सरांना याच भेटीत विचारून घे. बागेत कामाला जाण्याचा विचार करताना हा हिशेब अण्णांसमोर मांड, बघ ते काय म्हणतात.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. घरी सांगितल्यावर छाती मोकळी होईल, झोपही येईल असं मला वाटतं. तरी आठवडाभरात फरक पडला नाही, किंवा शाळाच काय, काहीच नको असं मनात येऊ लागलं, तर लगेच आईला उठव, मध्यरात्र असली तरी. आणि 14416 लाव. टेलि-मानसची सरकारी सेवा आहे, 24 तास, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 आहेच.

एक राहिलं. डिसेंबरात तुमचं गॅदरिंग असेल. सगळे तालमीला थांबतात आणि तू पाचची गाडी धरून घरी पळतोस, असं मला उगीचच वाटतंय. नाव द्यायची मुदत गेली नसेल तर दे. नाटकात झाड व्हायला मिळालं तरी चालेल.

तुझी,
ताई