अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन, दोन्ही म्हणजे 'अचूकता'च ना?

'मराठीत दोन्हींना अचूकताच म्हणतात, मग इंग्रजीत दोन शब्द कशाला?' असं तुम्ही विचारलंय. या दोन शब्दांच्या घोळात माझ्या हातात मेमो पडलाय, म्हणून लिहितोय.

भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मी क्वालिटीला होतो. 25 मिलिमीटरचा शाफ्ट, ड्रॉइंगवर एच 7 (मापात किती फरक चालेल त्याचा कोड), म्हणजे 25.000 ते 24.979. सेकंड शिफ्टला दर अर्ध्या तासाने पाच पीस मायक्रोमीटरवर, म्हणजे जाडी मोजायच्या स्क्रूच्या साधनावर, घेत होतो. 24.99, 24.99, परत 24.99. सुपरवायझर खूश. "मशीन किती अ‍ॅक्युरेट चाललंय बघ!" मी म्हटलं, साहेब, 25-50 च्या मायक्रोमीटरचा सेटिंग रॉड सापडत नाहीये, झीरो तपासलेला नाही. (हा रॉड म्हणजे नेमक्या 25 मिलिमीटरची सळई; ती मोजून मायक्रोमीटर बरोबर दाखवतो का बघतात, तेच झीरो तपासणं.) "सगळे पीस सारखे येतायत ना? कर सही." केली.

कस्टमरकडे गो रिंग गेज (कमाल मापाची कडी, बरोबर शाफ्टवर ती चढलीच पाहिजे) एकाही पीसवर चढेना. सगळा लॉट परत. मग टूलरूमच्या ड्रॉवरमध्ये रॉड सापडला, आणि तो 25 चा रॉड आमच्या मायक्रोमीटरवर 24.97 दाखवत होता. म्हणजे प्रत्येक शाफ्ट 25.02. जाड होते म्हणून ग्राइंडिंगला उतरवता आले, बारीक असते तर थेट भंगारात.

पीस एकमेकांशी जुळत होते, ही प्रिसिजन. खऱ्या मापाशी जुळत नव्हते, म्हणजे अ‍ॅक्युरसी गेली. हा फरक सांगायला निशाणाच्या गोल पाटीचं चित्र सगळे दाखवतात, मला ते अजिबात पटत नाही. त्यात मधला ठिपका आयता दिसतो. कामावर तो कुठे दिसतो? तेच माप पाचदा घेतलं की प्रिसिजन तुमची तुम्हाला कळते. अ‍ॅक्युरसीला बाहेरचं प्रमाण लागतं: सेटिंग रॉड, स्लिप गेज (ठरलेल्या जाडीचे ठोकळे), आणि ज्याच्यावर ते तपासले तो मास्टर. आपल्याकडे ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते.

हां, आयएसओ 5725 या आंतरराष्ट्रीय मानकात अ‍ॅक्युरसीत ट्रूनेस (सरासरी खऱ्या मापाच्या किती जवळ) आणि प्रिसिजन दोन्ही धरतात. परीक्षेसाठी विचारत असाल तर तुमच्या पुस्तकातलंच लिहा.

आणि क्वालिटीत नवीन लागला असाल तर झीरो तपासल्याशिवाय सही करू नका, समोर कोणीही उभा राहो. करावीच लागली तर 'झीरो तपासलेला नाही' असं रिपोर्टवर शेऱ्यात लिहा. मी नुसतं तोंडी सांगितलं होतं. चौकशीच्या दिवशी साहेबांना ते आठवत नव्हतं.